मृत्युपत्र नसेल तर? कालकथितांची छोटी मालमत्ता वारसांच्या नावे करताना – आचोळे, नालासोपारा, वसई परिसरातील बौद्ध कुटुंबांसाठी माहिती

आचोळ्यात राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांची मालमत्ता मोजायला एक वहीचे पान पुरते. वन रूम किचन किंवा चाळीतली खोली, बँकेत लाख-दोन लाख, पतपेढीत एखादी ठेव, कंपनीचा पीएफ, बायकोच्या अंगावरचे सोने, कुणाची रिक्षा आणि गावाकडे भावकीत सामाईक असलेली गुंठ्या-दोन गुंठ्यांची जमीन. मृत्युपत्र बहुधा नसतेच. ‘आपल्याकडे आहे काय वाटायला?’ असे म्हणून तो विषय राहून जातो.

माणूस गेल्यावर मात्र ही छोटी मालमत्ता सहा-सहा महिने, कधी वर्षानुवर्षे अडकून पडते. बऱ्याचदा ती कायदा कठीण असल्यामुळे अडकत नाही. कुणीतरी एक वारस कागदावरून गाळलेला असतो, म्हणून अडकते. लग्न झालेली बहीण, गावी असलेली म्हातारी आई, आधी वारलेल्या मुलाची विधवा ही नावे सर्वांत आधी गळतात. सगळ्या वारसांची नावे पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे लिहिली, तर लहान मालमत्तेचे बरेचसे काम कोर्टाची पायरी न चढता होते. ते कोणत्या क्रमाने करावे हे आम्ही इथे एकत्र देत आहोत.

बौद्धांना कोणता कायदा लागू?

‘आम्ही बौद्ध, मग हिंदू कायदा आम्हाला कसा?’ हा प्रश्न नेहमी येतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २ मध्येच हा कायदा बौद्ध, जैन व शीख धर्मीयांना लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. कायदा १७ जून १९५६ रोजी अंमलात आला आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यामुळे धम्मदीक्षेने कुणाचाही वारसाहक्क गेला नाही. शाळेच्या जुन्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि नव्या कागदावर ‘बौद्ध’ असले, तरी वारसा ठरवताना त्याने फरक पडत नाही. नावातला किंवा आडनावातला फरक मात्र अडचणीचा ठरतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

बौद्धांसाठी स्वतंत्र व्यक्तिगत कायदा असावा, ही मागणी समाजात आहे आणि तिची चर्चा व्हायलाच हवी. पण आज बँकेत किंवा कोर्टात जो दावा करायचा, तो आजच्या कायद्यानेच. शिवाय या कायद्यामागे हिंदू कोड बिलाची लढाई आहे. मुलीला वारसा मिळावा हा त्या बिलाचा एक गाभा होता आणि ते रखडवल्यामुळेही बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बहिणीचे नाव वारसांच्या यादीतून गाळताना हे आठवले तरी पुरे.

पुरुषाच्या मागे वारस कोण?

पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची मालमत्ता प्रथम ‘वर्ग १’ च्या वारसांना मिळते: पत्नी, मुलगे, मुली आणि आई. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल, तर तिची किंवा त्याची मुले आणि वारलेल्या मुलाची विधवा मिळून त्या शाखेचा एक हिस्सा घेतात. वडील वर्ग १ मध्ये येत नाहीत, आई येते. वर्ग १ मधला एकही वारस हयात असेल, तर वडील, भाऊ, पुतणे यांचा हक्क येत नाही.

उदाहरण घेऊ. वालीवच्या कारखान्यात नोकरी केलेले एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एक मुलगा, एक विवाहित मुलगी आणि गावी आई आहे. दुसरी मुलगी आधीच वारली असून तिला दोन मुले आहेत. बँकेतली शिल्लक ६ लाख रुपये.

पत्नी, मुलगा, हयात मुलगी, आई आणि वारलेल्या मुलीची शाखा असे पाच हिस्से पडतील. प्रत्येकी १ लाख २० हजार. वारलेल्या मुलीच्या दोन मुलांना प्रत्येकी ६० हजार. ‘मुलीला लग्नात दिले’, ‘आई गावी असते’, ‘नातवंडे दुसऱ्या घरची’ ही कारणे कायद्यात कुठेच नाहीत.

आणखी दोन गोष्टी. पहिली पत्नी हयात असताना व घटस्फोट झालेला नसताना दुसरे लग्न झाले असेल, तर दुसरीला पत्नी म्हणून वाटा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे. १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांचा हक्क वडिलांच्या वाट्याला आलेल्या वडिलोपार्जित हिश्श्यापर्यंत मान्य केला. दुसरी गोष्ट, मुलाची विधवा नंतर पुनर्विवाह करील म्हणून तिला आज वगळता येत नाही.

स्त्रीच्या मागे वारस कोण?

स्त्रीच्या नावावर असलेली मालमत्ता तिची स्वतःची, पूर्ण मालकीची असते (कलम १४). ती गेल्यावर क्रम वेगळा आहे. प्रथम तिची मुले आणि पती. ते नसतील तर पतीचे वारस. तेही नसतील तर तिचे आईवडील. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

मूल नसलेल्या विधवेने स्वतःच्या कमाईने घेतलेली खोलीसुद्धा या क्रमाने आधी सासरच्यांकडे जाते. हे २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकालात उघड झाले. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली, सासरने घराबाहेर काढलेली ती मुलगी माहेरच्या आधाराने शिकली, नोकरी केली. ती मृत्युपत्राशिवाय वारली आणि तिची कमाई पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले, ते याच तरतुदीमुळे. एकट्या राहणाऱ्या उपासिका, परिचारिका, शिक्षिका, घरकाम करणाऱ्या भगिनी यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पहिल्या महिन्यात काय करावे?

*मृत्यूची नोंद.* मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते. राहणे आचोळ्यात पण मृत्यू मुंबईच्या रुग्णालयात झाला असेल, तर दाखला मुंबई महापालिकेकडून मिळेल. घरी मृत्यू झाला असल्यास वसई-विरार शहर महापालिकेकडे नोंद करावी. मुदत २१ दिवसांची. ३० दिवस उलटले की परवानगी आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा. घेण्यापूर्वी नाव, वय, पत्ता आधार कार्डाशी जुळवून पाहा. चूक त्याच आठवड्यात दुरुस्त होते, नंतर तिच्यापायी हेलपाटे पडतात.

*नावांचा फरक.* बँकेत एक नाव, करारनाम्यावर दुसरे, गावच्या सातबाऱ्यावर फक्त आजोबांचे टोपणनाव असे आपल्याकडे सर्रास असते. माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे असलेल्या बहिणींच्या बाबतीत तर हमखास. ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र आणि सोबत दोन्ही नावांचे पुरावे आधीच तयार ठेवा. लग्नाची नोंद झालेली नसेल, तर बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहाचे प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, फोटो, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले हे सारे पत्नीच्या बाजूचे पुरावे असतात.

*यादी.* जलदान विधी व पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावचे आणि मुंबईचे नातेवाईक एकत्र येतात. त्या दिवशी वाटणीचा विषय काढू नये, पण दोन याद्या करायला हरकत नाही: एक सर्व वारसांची, नाव, नाते, पत्ता, फोनसह आणि दुसरी मालमत्ता व कर्जाची. मागील दोन वर्षांचे पासबुक नीट पाहा. दरवर्षी ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्गणी आहे, संरक्षण २ लाखांचे. २० रुपये कापले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. कित्येक घरांत हे पैसे केवळ कुणी पासबुक न पाहिल्याने राहून जातात. भाड्याच्या घरासाठी दिलेले हेवी डिपॉझिट, भिशीचे येणे, कंपनीकडील थकीत पगार हेही यादीत हवेत. जुनी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ पोर्टल आहे.

पुस्तके, डायऱ्या, चळवळीचे फोटो, पत्रके हीही मागे राहिलेली मालमत्ताच. बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्ली उच्च न्यायालयाच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलच्या ताब्यात वर्षानुवर्षे पेट्यांत होती. त्यांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड शासनाने प्रकाशित केला तो १९७९ मध्ये. घरातल्या जुन्या कार्यकर्त्याचे कागद रद्दीत घालण्यापूर्वी विचार करावा.

*काय करू नये.* एटीएम कार्ड घरात आहे, पिन माहीत आहे म्हणून मृत्यूनंतर पैसे काढू नका. अंत्यविधीच्या खर्चासाठी काढले असले तरी नंतर तेच भांडणाचे कारण होते. रिकाम्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टॅम्पपेपरवर कुणीही सही करू नये.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. नॉमिनी हा पैसे किंवा शेअर ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवणारा विश्वस्त. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात आणि बँक ठेवींबाबत २०१० मध्ये हेच सांगितले. शेअर व म्युच्युअल फंडांचा प्रश्न ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील खटल्यात आला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी तोच निर्णय झाला: नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही.

विम्यात २०१५ नंतर थोडा फरक आहे. आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानण्याची तरतूद आली. पण तिच्या अर्थाबद्दल उच्च न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. त्यामुळे घरात आधीच समजुतीने ठरवलेले बरे.

बँक, पोस्ट, पतपेढी

नॉमिनी किंवा ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहणारा’ असे संयुक्त खाते असेल, तर दावा अर्ज, मृत्यूदाखला व ओळखपत्र एवढ्यावर रक्कम मिळायला हवी. वारसा प्रमाणपत्र मागणे बरोबर नाही.

नॉमिनी नसेल तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश उपयोगी पडतात. त्यांच्या अंमलबजावणीसाठी बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. त्यानुसार व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी सोपी पद्धत आहे: दावा अर्ज, मृत्यूदाखला, ओळखपत्रे, दावेदारांचे हमीपत्र, पैसे न घेणाऱ्या वारसांचे ना हरकत पत्र आणि वारस कोण हे सांगणारा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या, बँकेला मान्य अशा त्रयस्थ व्यक्तीचे घोषणापत्र. या मर्यादेत तिसऱ्या माणसाचा जामीन लागत नाही. सर्व कागद दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर भरपाईचे व्याज द्यायचे. म्हणून कागद देताना पोच घ्या, तारीख त्यावरूनच मोजली जाते.

टपाल खात्याच्या बचत योजनांत नामनिर्देशन नसल्यास ५ लाखांपर्यंतची रक्कम मृत्यूनंतर सहा महिन्यांनी कोर्टाच्या कागदाशिवाय मागता येते. पतपेढीत आधी नामनिर्देशनाचा रजिस्टर पाहायला सांगा. ठेव पावतीवर नाव नसले तरी तिथे नोंद असू शकते.

नोकरीचे पैसे

पीएफ, निवृत्तीवेतन आणि ठेव-संलग्न विमा या तिन्हींसाठी मृत्यूदाव्याचा एकत्रित अर्ज आहे. विम्याची रक्कम कमाल ७ लाखांपर्यंत असते आणि तिच्यासाठी कामगाराने वेगळी वर्गणी भरलेली नसते. त्यामुळे ती अनेकांना माहीतच नसते. विधवेला आणि २५ वर्षांखालील दोन मुलांना निवृत्तीवेतन मिळू शकते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे सेवेची अट मृत्यूच्या बाबतीत लागत नाही.

पीएफचे वाटप योजनेच्या नियमाने होते. लग्नाआधी आई किंवा भावाच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजले जाते. नामनिर्देशन नसेल तर कुटुंबीयांत समान वाटप होते. मात्र इतर कुटुंबीय असताना सज्ञान मुलगा आणि पती हयात असलेली विवाहित मुलगी यांना त्यात वाटा नसतो. म्हणजे पीएफमध्ये वाटा नाही म्हणून खोलीतही नाही, असा अर्थ कुणी लावू नये.

घर: आधी कागद कोणता ते पाहा

*नोंदणीकृत सोसायटीतला फ्लॅट.* सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये जोडलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या प्रकरणानुसार मृत सभासदाचा हक्क मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा सर्व हक्कदारांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांवरून हस्तांतरित होतो. नॉमिनी असेल तर तो तात्पुरता सभासद होतो. मालकी ठरेपर्यंत त्याला फ्लॅट विकता येतो असे समजू नका. सगळे वारस एकमताचे असतील तर कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त किंवा हक्कसोड हा जवळचा मार्ग.

*सोसायटी नसलेली इमारत.* नोंदणीकृत करारनामा आणि सूची क्रमांक २ हेच मुख्य कागद. महापालिकेच्या आचोळे प्रभाग समिती कार्यालयात घरपट्टीवर आणि महावितरणकडे मीटरवर नाव बदलून घ्या. पण घरपट्टी आणि वीजबिल हे मालकीचे पुरावे नाहीत.

*नोटरी केलेल्या कागदावरची खोली.* सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले की मुखत्यारपत्र, साठेकरार अशा कागदांनी मालकी जात नाही. ज्याला विकत घेताना पूर्ण मालकी मिळाली नाही, त्याच्या वारसांनाही ती मिळणार नाही. ताबा आणि दिलेल्या पैशांबाबतचा जो काही हक्क असेल, तेवढाच पुढे येतो.

*अनधिकृत इमारत.* याचे उदाहरण आचोळ्यातच आहे. अग्रवाल नगरी परिसरात सांडपाणी प्रकल्प व डम्पिंग ग्राउंडसाठी आरक्षित जागेवर उभ्या असलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला पाडण्यात आल्या. हजारो माणसे बेघर झाली आणि त्यांच्याकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या. अनधिकृत बांधकामावर कर आकारला म्हणून ते अधिकृत ठरत नाही, हे महापालिका कायद्यातच आहे. म्हणून एका भावाने दुसऱ्यांना पैसे देऊन खोलीचा हक्क घेण्याआधी बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि आरक्षण महापालिकेत तपासावे. नाहीतर बहिणीचे समाधान होईल, भावाचे पैसे जातील. मूळ करारनामा आणि बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या मात्र जपा. पैसे परत मागण्याचा दावा असेल, तर तोही वारसांकडे येतो.

गावची जमीन

सातबाऱ्यावरील खातेदार वारल्यास तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचे असते. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. नोटीस लागते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग फेरफार प्रमाणित होतो. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. गावी गेलात तर आपल्या गटाचा फेरफार पाहून या.

फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे. तरीही नाव नसले की नुकसानभरपाई, पीककर्ज, भूसंपादन या प्रत्येक वेळी आपण बाहेर राहतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केले.

जुन्या महार वतनाच्या जमिनी वतन निर्मूलनाच्या १९५८ च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी नव्या शर्तीवर, म्हणजे भोगवटादार वर्ग २ म्हणून परत दिल्या गेल्या. त्यांच्यावर वारस नोंद होते, कारण वारसा म्हणजे विक्री नव्हे. पण विक्री किंवा इतर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अशा जमिनीचा कुठलाही दस्त करण्याआधी तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्या.

रिक्षा, टॅक्सी, दुचाकी

मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवले, तर वाहन वापरणाऱ्या वारसाला तीन महिने ते चालवता येते आणि त्याच मुदतीत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. परमिटलाही असाच नियम आहे. आचोळ्यातल्या एमएच-४८ च्या रिक्षांसाठी हे विरारच्या कार्यालयात होते. मुदत चुकली तर रोजीरोटीचे परमिटच अडकते, म्हणून हे काम बँकेच्याही आधी करा.

कर्ज

वारस कर्जाला जबाबदार असतो तो त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरताच. वडिलांच्या वैयक्तिक कर्जासाठी मुलाच्या पगाराला हात लावता येत नाही, तो जामीनदार किंवा सहकर्जदार असल्याखेरीज. वसुली करणाऱ्यांनी दारात येऊन दरडावले म्हणून नवीन कागदावर सही करू नका. गृहकर्जाला विमा जोडलेला आहे का, तेही विचारा.

हक्कसोड: कुणाची, कशासाठी?

हक्कसोडपत्राने एक वारस आपला हिस्सा दुसऱ्या सहवारसाच्या नावे सोडतो. स्थावर मालमत्तेसाठी ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. साध्या किंवा नोटरीच्या कागदावरची सही चालत नाही. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलेल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये मुद्रांक शुल्क आहे. मोबदला घेतला असेल तर शुल्क वेगळे पडते. अज्ञान मुलाच्या वतीने आईलाही स्थावरातला हक्क कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. तशी हक्कसोड मुलगा सज्ञान झाल्यावर मोडू शकतो.

आमचे म्हणणे एवढेच, की हक्कसोड हा रिवाज होऊ नये. ‘बहिणीने सही करायचीच असते’, ‘भाऊबीज बंद होईल’ असे म्हणून घेतलेली सही ही मर्जी नव्हे. बहीण स्वखुशीने सोडत असेल तर तिचा मान आहे. पण आधी तिला तिचा वाटा किती रुपयांचा हे आकड्यात सांगा, कागद वाचून दाखवा, घरी न्यायला द्या आणि विचार करायला वेळ द्या. आईच्या बाबतीत तर आणखी जपावे. खोली मुलाच्या नावे करून दिल्यावर त्याच खोलीत पाहुणी झालेल्या माता आपण पाहिल्या आहेत. आईने आपला हिस्सा हयातीत स्वतःकडे ठेवणे यात अविश्वास नाही.

कोर्टात कधी जावे?

रक्कम बँकेच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, वारसांत वाद असेल किंवा कुणी ना हरकत देत नसेल, तेव्हा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते ठेवी, येणी, शेअर यांच्यापुरते असते, घर-जमिनीसाठी नाही. घर-जमिनीच्या कामी बहुधा १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा वारस दाखला कोर्टाकडून घेतात. वारस नोंद आणि तहसीलचा दाखला हे त्याहून वेगळे कागद. कुठल्या कार्यालयाला नेमका कोणता हवा, हे लेखी विचारून मगच खर्च करा. मृत व्यक्ती आचोळ्यात राहत असेल तर अर्ज वसईच्या दिवाणी न्यायालयात होतो. अर्जात सर्व जवळच्या नातेवाइकांची नावे द्यावी लागतात, जाहीर नोटीस निघते आणि हरकत नसली तरी काही महिने जातात. नाव लपवून मिळवलेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर एक हक्क लक्षात ठेवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचाही त्यात समावेश आहे. वसईच्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक देशभर चालतो.

आणि आपले स्वतःचे?

हे सर्व वाचून दमछाक झाली असेल तर आपल्या घरच्यांची ती वाचवता येते. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर, शुद्धीत व स्वेच्छेने लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि साक्षीदारांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार न केलेले बरे. जमल्यास दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, तेही भरून ठेवा. आणि खाती, पॉलिसी, कर्जे, कागद कुठे ठेवले आहेत याचे एक पान लिहून घरातल्या दोघांना दाखवा. त्या पानावर मुलाबरोबर मुलीचे नाव, बायकोचे नाव आणि आईचे नाव असावे. खोली लहान असली तरी त्यांचा हक्क लहान होत नाही.

जय भीम, नमो बुद्धाय.